पडदा पडल्यानंतरचा अर्धा तास: नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या तमाम नाट्यगृहांचे व्यवस्थापक, आणि त्यांच्या वरचे जे कोणी साहेब असतील ते,

सप्रेम नमस्कार.

आधीच सांगते, हे पत्र स्वच्छतागृहांबद्दल नाही. एसीबद्दल, डासांबद्दल किंवा मोडक्या खुर्च्यांबद्दलही नाही. त्या विषयांवर नटमंडळी स्वतःच जाहीर बोलतात आणि त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. माझं मागणं अगदी लहान आहे. दिवाळीच्या सुट्टीत दिवसाचा शेवटचा प्रयोग संपला की आम्हाला अर्धा तास तुमच्या फॉयरमध्ये, म्हणजे सभागृहाबाहेरच्या मोकळ्या दालनात, उभं राहू द्या. दिवा चालू ठेवून.

गेल्या भाऊबीजेची गोष्ट सांगते. नाट्यगृहाचं नाव घेत नाही, कारण हे कुठेही झालं असतं आणि होतंच. दुपारी 4.30 चा प्रयोग 7.10 ला संपला. रात्री प्रयोग नव्हता. आम्ही सात जण फॉयरमधल्या खांबाशी थांबलो होतो आणि वाद ऐन रंगात आला होता. दुसऱ्या अंकात थोरला भाऊ चेक फाडतो, तो खरोखर संतापून की चार माणसं बघताहेत म्हणून? एफ-12 काकांनी तर्जनी वर केली. तर्जनी वर म्हणजे काका आता मुद्द्यावर येणार. आणि खट्ट. आधी फॉयरचे दिवे गेले, मग पोर्चचा. काकांची तर्जनी अंधारात तशीच वर. लांबून किल्ल्यांचा जुडगा वाजला आणि वॉचमनदादांचा आवाज आला, "चला मंडळी, गेट लावायचंय."

दादांचं काही चुकलं नाही. त्यांचीही बहीण घरी ताट घेऊन बसली असणार. आम्ही वाद उचलून फुटपाथवर नेला, तर तिथे कुणीतरी भुईचक्र सोडलेलं. जो तो पांगला. काकांचा मुद्दा तीन दिवसांनी व्हॉट्सॲपवर आला, दोन ओळींत, खाली हात जोडलेले. वाचला. त्यात काही जीव नव्हता.

एफ-12 काका म्हणजे कोण ते सांगायला हवं. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर याच नावानं आहे. ओळखीला सहा वर्षं झाली. आडनाव मला दीड वर्षानं कळलं, तेही त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरून. तोवर ते म्हणजे फक्त एफ रांगेतली 12 नंबरची खुर्ची. पॅसेजच्या कडेची, कारण त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही. आमच्यात 'जे-जोडी' आहे. नवरा-बायको, कायम जे रांगेत. एकाला नाटक आवडलं की दुसऱ्याला आवडत नाही, असा त्यांचा काहीतरी करार असावा. 'बाल्कनी' नावाची कॉलेजातली मुलगी आहे. ती सगळ्यात स्वस्त तिकीट काढते आणि मध्यंतरात खालच्या रिकाम्या खुर्च्या हेरते. आपले डोअरकीपर तिकडे काणाडोळा करतात, त्याबद्दल आभार. 'बाई' आहेत, निवृत्त शिक्षिका. नाटकातल्या उच्चारांच्या चुका त्या तिकिटाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवतात. 'विंगेतले मामा' आहेत. त्यांनी उभा जन्म बॅकस्टेजला काढला. आता प्रेक्षकांत बसतात खरे, पण नजर सगळी विंगेकडे. नट रडत असला की मामा पुटपुटतात, "डावा फ्लॅट हलतोय." फ्लॅट म्हणजे सेटची उभी चौकट. आणि मी. एच-14. एका सरकारी कचेरीत आहे, त्यामुळे अर्ज कसा फिरतो हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच अर्ज न करता हे पत्र लिहिते आहे.

आम्ही भेटलो तिकीटबारीच्या रांगेत. शनिवारी पेपरात जाहिरात यायची, प्लॅन अमुक दिवशी उघडणार, म्हणजे तिकीटविक्री सुरू होणार. सकाळी 8.30 ला खिडकी उघडायची आणि आठलाच वीस-पंचवीस माणसं उभी असायची. आतले काका कागदी प्लॅनवर पेन्सिलीनं फुल्या मारायचे. आपल्या पुढच्या माणसानं एफ-12 घेतली की मागच्याचा जीव खाली-वर. पहिल्या भेटीत मी आणि एफ-12 काका याच खुर्चीवरून भांडलो. मी म्हटलं, रोज एकच खुर्ची कशी? ते म्हणाले, "बाई, गुडघा बघा." मी बघितला. ओळख झाली.

दिवाळीत त्या रांगेची तऱ्हा वेगळी असायची. सगळ्यांच्या पिशवीत डबा. ज्याच्या घरची चकली मऊ पडली तो ती आणायचा नाही, आणि आणली नाही यावरूनच सगळ्यांना कळायचं. जे-जोडीतल्या वहिनी अनारसे आणायच्या. अनारसा रांगेत उभ्यानं खाणं हे कौशल्याचं काम आहे. खसखस सगळी ड्रेसवर सांडते.

एका भाऊबीजेला बाई तबक घेऊन आल्या. त्यांचे भाऊ दोघेही परदेशात. त्या म्हणाल्या, वर्षभर मला कडेची सीट कोण देतं? हेच, खिडकीतले बुकिंगकाका. मग यांनाच ओवाळते. तिकीटबारीची ती अर्धगोल फट तुम्हाला माहीत आहे. तिकीट आणि सुटे पैसे जातील एवढीच. तबक आत जाईना. तिरकं केलं तर निरांजन विझायची भीती. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, तुम्हीच बाहेर या!" आणि बाजूचं दार उघडून बुकिंगकाका बाहेर आले. पाच वर्षांत आम्ही त्यांचा फक्त उजवा हात आणि चष्मा पाहिला होता. माणूस चांगला सहा फूट उंच निघाला. बाईंना टाचा उंचावून कुंकू लावावं लागलं. ओवाळणी म्हणून काकांनी खिशातून एक पास काढला. बाईंनी तो परत केला. "मी तिकीट काढूनच बघते," म्हणाल्या. मागच्या चौघांनी मान वळवली, पासाकडे.

आता रांग नाही. मीही फोनवरूनच तिकीट काढते. उगाच गळा काढणार नाही, सोय झाली आहे हे खरं. जुलैच्या पावसात सकाळी आठला उभं राहण्यात रम्य काही नव्हतं. पण रांग गेली आणि माणसं भेटण्याची एक जागा गेली. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं. त्यात अर्धा वेळ वड्याच्या काउंटरवर आणि उरलेला तुम्हाला माहीत आहे त्या दुसऱ्या रांगेत (त्याबद्दल लिहिणार नाही असं वर कबूल केलं आहे). मग उरलं काय? पडदा पडल्यानंतरचा वेळ. तोही गेला की आम्ही एकमेकांना फक्त पाठमोरे ओळखू.

तुम्ही म्हणाल, गप्पाच मारायच्या तर हॉटेलात बसा. बसलो आहोत. पण हॉटेलात ऑर्डर द्यावी लागते, टेबलाला चारच खुर्च्या असतात आणि ओळखीचेच लोक ओळखीच्यांशी बोलतात. फॉयरमध्ये तसं नसतं. तिथे अनोळखी माणूस तुमचं बोलणं कान देऊन ऐकतो, दोनदा घुटमळतो आणि मग न राहवून म्हणतो, "माफ करा, पण तो चेक त्यानं बायकोसाठी फाडला." असा माणूस पुढच्या महिन्यात आपल्या घोळक्यात असतो. 'बाल्कनी' अशीच आली. मामाही असेच आले.

मामांचं एक सांगते. आमच्यात पैज लागली होती, रंगमंचावर नट पितात तो चहा खरा असतो की खोटा. एफ-12 काका म्हणाले खरा, वाफ दिसली. जे-जोडीत अर्थातच फूट. त्या दिवशी संध्याकाळी नाट्यगृह लवकर बंद झालं नव्हतं, कारण सेट उतरवून टेम्पोत भरायचा होता. शेजारी एक गृहस्थ शांत उभे होते. ते म्हणाले, "कप रिकामा असतो. चहा सांडला तर गालिचा कोण धुणार? आणि दुसऱ्या दिवशी प्रयोग पुण्यात असतो." मग त्यांनी हातात नसलेला कप धरून दाखवला. कप भरलेला असेल तर मनगट कसं जड राहतं, रिकामा असेल तर नट कुठे चुकतो, पहिल्या घोटाआधी फुंकर घालायला नवखा नट कसा विसरतो. दहा मिनिटं आम्ही सात-आठ माणसं फॉयरमध्ये उभी राहून हवेतले कप पीत होतो. तेव्हापासून मी रंगमंचावरचा एकही चहा सरळ मनानं बघू शकलेले नाही. नुकसान झालं म्हणा हवं तर. पण हे शिक्षण कुठल्या तिकिटात मिळतं?

दिवाळीचंच का म्हणते, तेही सांगते. एरवी आम्हाला घाई असते. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं, डबा करायचा, शेवटची बरी लोकल गाठायची. सुट्टीत ही घाई नसते. शिवाय दिवाळीच्या पंधरवड्यात नाट्यगृहात जेवढ्या तऱ्हेची माणसं येतात तेवढी वर्षात कधी येत नाहीत. पहाटे दिवाळी पहाटवाले, अत्तर लावून, पैठण्या नेसून. त्यांच्याविषयी माझी एकच कुरकुर आहे, नाटकाच्या चांगल्या चांगल्या सकाळी ते घेऊन जातात. मग सकाळी बालनाट्य. सुधाताई करमरकरांनी 1959 मध्ये लिटल थिएटर काढून मुलांच्या नाटकाला मोठ्यांच्या नाटकाएवढा मान मिळवून दिला. त्या नाटकांची पोरं आता आजी-आजोबा होऊन नातवंडांना घेऊन येतात. नाटक संपल्यावर चार वर्षांच्या मुलाला राक्षस जवळून बघायचा असतो. बघायचा असतो आणि भीतीही वाटत असते. आजोबांच्या पायामागून तो एक डोळा काढतो, राक्षसाचा नट घामाघूम, शिंगं काखेत घेऊन वाकतो, आणि तेवढ्यात घोषणा होते, "प्रेक्षकांनी कृपया सभागृह लवकर रिकामं करावं." ते मूल दहा मिनिटं अजून थांबलं असतं तर घरी जाताना राक्षसाचा मित्र होऊन गेलं असतं.

लक्ष्मीपूजनाला सगळं शांत. पाडव्यापासून पुन्हा पाट्या लागतात. मुलं सासरहून, नोकरीच्या गावाहून आलेली असतात. त्यांना घेऊन आई-बाबा नाटकाला येतात, चारशे-पाचशेची चार-पाच तिकिटं काढून. ती मुलं वर्षात हे एकच नाटक बघतात. त्यांना नाटक आवडलं की नाही हे कळायचं ठिकाण कुठलं? गाडीत बसल्यावर सगळे फोन काढतात. फॉयरमध्ये पाच मिनिटं थांबली तर बोलतात, नाइलाजानं का होईना.

आणि याच दिवसांत हौशी मंडळींची धावपळ सुरू असते. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण दिवाळीनंतरच्या दिवसांत येते, गावोगावच्या केंद्रांवर. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत यांच्या तालमी. माझ्या कचेरीत एक शिपाई आहे. फराळाच्या ताटासमोर त्याचं पाठांतर चालतं आणि बायको शंकरपाळं हातात धरून त्याला समोरच्या पात्राची वाक्यं देते. नाव सांगणार नाही, रजेचा अर्ज त्यानं वेगळ्याच कारणासाठी दिलेला असतो. ही मंडळी सुट्टीत व्यावसायिक नाटक बघायला येतात ती चोरून शिकायला. त्यांना प्रयोगानंतर कुणाला तरी विचारायचं असतं, तो पाऊस कसा दाखवला, तो दिवा कुठून मारला. मामा तिथे असतात. पण फॉयर बंद.

दिवाळीचं आणि आपल्या रंगभूमीचं नातं आजचं नाही. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवराचा प्रयोग केला तो 1843 साली. त्याची आठवण म्हणून 5 नोव्हेंबरला तुम्ही रंगभूमी दिन पाळता, नटराजाची पूजा करता, घंटेला हार घालता. ही तारीख दिवाळीच्या कधी मागे, कधी पुढे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचा प्रयोग पुण्यात 31 ऑक्टोबर 1880 ला झाला, तो तर दिवाळीच्याच दिवसांत. त्या दिवशी पहिले चारच अंक झाले होते. सातांपैकी चार! शकुंतला सासरी निघाली आणि प्रयोग संपला. मला सारखं वाटतं, ती माणसं लगेच घरी गेली असतील का? गोष्ट सगळ्यांना पाठ होती, पण ती गात गात सांगितलेली नवीन होती. कुणीतरी बाहेर येऊन ती चाल गुणगुणली असणार. कुणीतरी म्हटलं असणार, छे, असलं काही टिकणार नाही. पहिल्या प्रयोगाची तारीख पुस्तकात आहे. त्यानंतर रस्त्यावर उभं राहून जे बोलणं झालं, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

आता झाडीपट्टीबद्दल थोडं. थोडं म्हणते पण लांबेल.

मामा मूळचे तिकडचे, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाजवळचे. दोन वर्षांपूर्वी दिवाळी संपता संपता ते आम्हाला घेऊन गेले. पूर्व विदर्भातले चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हे जिल्हे म्हणजे झाडीपट्टी. तिथला नाटकांचा हंगाम भाऊबीजेला सुरू होतो. भात कापणीला आलेलं किंवा कापून झालेलं, गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरलेली, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. वडसा-देसाईगंजला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, एकाशेजारी एक, बाहेर नाटकांची मोठमोठी पोस्टरं. गावातलं मंडळ येतं, नाटक ठरवतं, तारीख पक्की करतं. 2023 साली या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या पुष्कळांना हे नाव पहिल्यांदा कळलं. त्या पुष्कळांत मीही होते, लाज वाटते सांगायला.

आम्ही गेलो त्या गावात नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू झालं आणि संपलं तेव्हा झुंजूमुंजू झालं होतं. मी एच-14 ची सवय असलेली बाई. शेजारी शाल पांघरून बसलेल्या आजीनं मला अर्धी शाल दिली, न विचारता. पुढच्या पोरांना झोप लागली की आई त्यांना आडवं करायची, मारामारीचा प्रवेश आला की उठवायची. घराघरात पाहुणे आले होते, खास नाटकाला बोलावलेले. लेकी, जावई, साडू, साडूचे साडू. माझ्यामागच्या दोन बायका एका मुलाची माहिती एकमेकींना देत होत्या, पगार किती, शेती किती. मामा म्हणाले, "इथं सोयरिकी नाटकातच जुळतात." मी म्हटलं, रंगमंचावरच्या? ते म्हणाले, "दोन्हीकडच्या."

पण मला सांगायचं आहे ते सकाळचं. नाटक संपलं आणि कुणी उठेना. कंपनीची माणसं पडदे गुंडाळत होती, हार्मोनियम खोक्यात जात होती, तिथेच एका बाजूला चुलीवर चहा चढलेला. खलनायक झालेला नट तोंडाचा रंग अर्धा पुसून चहाला आला, तर दोन म्हाताऱ्यांनी त्याला धरलं, भावजयीला एवढं छळायचं का रे बाबा? तो बिचारा खाली मान घालून ऐकत होता. कपात फुंकर घालत होता. चहा खरा होता, मी नीट पाहिलं. ऊन चढेपर्यंत हे चाललं. तिथे गेट नव्हतं, वॉचमन नव्हता, कुणाला कुठे जायचं नव्हतं, कारण आलेली माणसं त्या गावातल्याच कुणाच्या तरी घरी उतरलेली. एफ-12 काका परतीच्या गाडीत गप्प होते. ब्रह्मपुरी गेल्यावर म्हणाले, "आपण नाटक बघून पळून जातो."

कोकणाचंही सांगता आलं असतं. तिथे जत्रांमधून दशावतार रात्र जागवतो. पण ते मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे, म्हणून राहू दे.

आता तुमची बाजू. ती मला माहीत नाही असं समजू नका. कर्मचाऱ्यांची पाळी संपते. विजेचं बिल येतं. कुणी पडलं-झडलं तर जबाबदारी कुणाची, असा प्रश्न येतो. पुष्कळशी नाट्यगृहं महापालिकांची, म्हणजे फाइल आधी खाली जाणार, मग वर जाणार आणि मध्ये दिवाळीची सुट्टी लागणार. दोन प्रयोगांच्या मध्ये तर एक सेट निघून दुसरा लागायचा असतो, तेव्हा प्रेक्षक पायात नकोच. म्हणून मी सभागृह मागत नाही. सभागृह झाडा, पुसा, कुलूप लावा. दोन प्रयोगांच्या मधलंही मागत नाही. दिवसाच्या शेवटच्या प्रयोगानंतर, पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत, फॉयरमधले दोन दिवे आणि पोर्चचा एक. एसी नको. पंखाही नको, नोव्हेंबर असतो. एका माणसाला अर्धा तास जादा थांबावं लागेल, तर त्याचा भत्ता तिकिटावर रुपया-दोन रुपये वाढवून घ्या. आम्ही देऊ. मध्यंतरातल्या वड्याचे देतो, हेही देऊ. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहातल्या वड्यासाठी लोक आडवाट करून येतात, मग गप्पांसाठी का नाही येणार?

आमच्याकडूनही काही गोष्टी कबूल करायला हव्यात. पडदा पडायच्या आधी उठून पार्किंगकडे धावणारे आमच्यातलेच आहेत. नट वाकून नमस्कार करत असतात आणि यांची पाठ. अंधारात ज्याचा फोन खणाणतो, तो आमच्यातलाच. आणि दिवाळीत एक नवा उपद्रव असतो, प्लॅस्टिकच्या पिशवीतला चिवडा. शांत प्रवेशात ती पिशवी उघडण्याचा आवाज किती मोठा असतो हे एकदा रंगमंचावर उभं राहून ऐकावं. जो कुणी पिशवी हळूहळू उघडतो तो जास्त अपराधी, कारण आवाज तेवढाच, फक्त लांबलेला. मी स्वतः एका दिवाळीत हे केलेलं आहे. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं ते अजून विसरले नाही. या सगळ्यांना आम्ही आमच्या परीनं समजावू. ते फॉयरमध्ये थांबले तरच समजावता येईल, हेही आहेच.

6 नोव्हेंबर 2022 ला षण्मुखानंद सभागृहात प्रशांत दामल्यांचा 12,500 वा प्रयोग झाला. त्या आकड्यावर टाळ्या पडल्या, पडायलाच हव्यात. पण त्या रात्री माझ्या डोक्यात दुसरंच गणित चाललं होतं. एवढ्या प्रयोगांनंतर बाहेर पडलेल्या माणसांनी एकमेकांना काय काय म्हटलं असेल? त्याची बेरीज कोण करणार? 'बाल्कनी'ला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, बेरीज सोडा, ट्रेन सुटेल." ही नवी पिढी.

व्यवस्थापक साहेब, आणखी एक. हा अर्धा तास दिलात तर तुमच्याच माणसांची ओळख होईल. मायक्रोफोनवरून मोबाइल बंद करायला सांगणारा तो भारदस्त आवाज कुणाचा आहे? पडदा ओढतो कोण? लाइटच्या बूथमध्ये भाऊबीजेच्या संध्याकाळी एकटा कोण बसलेला असतो? बुकिंगकाका सहा फूट उंच आहेत हे आम्हाला पाच वर्षांनी कळलं. ते आता निवृत्त झाले. गेल्या पाडव्याला ते तिकीट काढून नाटकाला आले होते, के रांगेत, अगदी मधली जागा. आम्ही म्हटलं, काका, कडेची नाही घेतलीत? म्हणाले, "आयुष्यभर लोकांना कडेच्या वाटल्या, मला मधली आवडते." प्रयोगानंतर त्यांना आणखी काहीतरी सांगायचं होतं. आमच्या सगळ्यांसमोर त्यांनी सुरुवातही केली होती. तेवढ्यात पोर्चचा दिवा गेला.

यंदाची तिकिटं काढून झाली आहेत. भाऊबीज, संध्याकाळचा प्रयोग, त्यानंतर रात्री प्रयोग नाही, जाहिरात बघून खात्री केली आहे. एफ-12 काकांनी पावसाळ्यातली मोठी बॅटरी चार्ज करून ठेवली आहे. बाई तबक आणणार आहेत, यंदा वॉचमनदादांसाठी. वहिनी अनारसे. चेकचा वाद गेल्या वर्षीच्या जागेवरच अडलेला आहे आणि तर्जनी वर करण्याचा मान काकांचाच आहे. तुम्ही दिवा ठेवलात तर बॅटरी पिशवीतच राहील.

आपली नम्र,
एच-14

ता. क. पिशवीतला चिवडा यंदा स्टीलच्या डब्यात आणते आहे. झाकण घरीच सैल करून.